गोळी विसरली की टाळली?

मागच्या अंकात म्हटलं होतं की घरातल्या ज्येष्ठांच्या रोजच्या गोळ्यांबद्दल काही अडचण असेल तर कळवा, आणि इनबॉक्स भरून गेला. बहुतेक मेल मुलांचे आणि सुनांचे, दोनच खुद्द गोळ्या घेणाऱ्यांचे, त्यामुळे ते दोन्ही घेतलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे आहेत. बीपी, शुगर, हार्ट सगळंच आहे. मी सात दिवसांचा डबा आणला, मोबाईलवर अलार्म लावून दिले, ह्यांनी फ्रिजवर चार्ट चिकटवला. परवा सोफा सरकवला तर मागे मूठभर गोळ्या! सगळ्या एकच, छोट्या पांढऱ्या. विचारलं तर म्हणे "पडल्या असतील". आता काय, समोर उभं राहून गिळायला लावू का?

उत्तर : नका हो लावू. सगळ्या एकाच प्रकारच्या आहेत हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण विसरणारा माणूस सकाळचा अख्खा डोस विसरतो, डब्याच्या एकाच खणातल्या चार गोळ्यांमधली नेमकी एक उचलून विसरत नाही. सासरे विसरत नाहीयेत, त्यांनी ती गोळी घ्यायची नाही असं ठरवलंय. आणि ठरवलेल्या गोष्टीवर अलार्मचा काय उपयोग, अलार्म वाजणार, ते बंद करणार, तीन गोळ्या पोटात आणि एक सोफ्यामागे.

आधी ती गोळी स्ट्रिपशी जुळवून कोणती आहे ते बघा. मी फार्मसिस्ट आहे, काउंटरवर रोज असे किस्से ऐकते, आणि अंदाजच करायचा तर माझा पहिला अंदाज लघवीच्या गोळीवर, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढायची जी असते ती. ती घेतली की पुढचे काही तास सारखं बाथरूम, मग फिरायला जायचं असेल, बँकेत लाईनमध्ये उभं राहायचं असेल, प्रवास असेल तर माणूस गुपचूप ती टाळतो आणि सुनेला हे कारण सांगायची लाज वाटते. कधी दुसरं काही असतं. बीपीच्या एका प्रकारच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, दुसऱ्या एका प्रकाराने घोटे सुजतात, काहींनी उठताना गरगरतं, शुगरच्या गोळीने सुरुवातीला पोट बिघडतं. ह्यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे, वेळ बदलता येते, डोस बदलता येतो, औषधच बदलून मिळतं, पण त्रास होतोय हे कुणाला कळलं तर ना.

त्रास काहीच नसेल तर मग डोक्यात काय आहे ते बघावं लागेल. ब्रिटनमधले रॉब हॉर्न ह्यांनी १९९९ मध्ये ह्यासाठी एक प्रश्नावली तयार केली, तिचा गाभा अगदी साधा आहे, माणूस मनातल्या मनात तराजू धरून बसलेला असतो, एका पारड्यात "मला ह्याची गरज किती" आणि दुसऱ्यात "ह्याने मला काय होईल ह्याची भीती किती". बाहेरून आपण कितीही ओरडलो तरी पारडं हलत नाही. "एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते", "शेजारच्यांना ह्याच गोळीने असं झालं" हे एकदा मनात बसलं की बसलं. त्यामुळे "घेतली का?" हा प्रश्नच काही दिवस बंद करा आणि निवांत वेळ बघून "बाबा, ह्यातली कुठली गोळी तुम्हाला नकोशी वाटते?" असं विचारा. उत्तर कदाचित पहिल्या दिवशी येणार नाही. आणि हो, शक्यतो मुलाने विचारावं, सासरे सुनेपेक्षा मुलाशी बाथरूमचं जरा मोकळं बोलतील (किंवा उलटही असेल, तुमच्या घरचं तुम्हाला माहीत).

एक गोष्ट मात्र आजच करा, डॉक्टरांना कळवा की ही गोळी कधीपासून तरी पोटात जात नव्हती. हे न सांगण्यात खरा धोका आहे. डॉक्टर बघतात बीपी उतरत नाहीये, ते बिचारे समजतात औषध कमी पडतंय, डोस वाढवतात किंवा एक गोळी अजून जोडतात. मग एक दिवस घरच्यांना पत्ता लागतो, सगळे कडक होतात, सगळ्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये एकदम पोटात जातात आणि बीपी धाडकन खाली येऊन माणूस बाथरूममध्ये पडतो.

प्रश्न : आई ८१ वर्षांची, तीन वेगवेगळे डॉक्टर, दिवसभरात नऊ-दहा गोळ्या, त्यात एक उपाशीपोटी, एक जेवणाआधी, एक रात्री, एक आठवड्यातून एकदाच. तिला खरंच लक्षात राहत नाही. एक-दोनदा "घेतली की नाही आठवत नाही" म्हणून परत घेतली. डब्याने काम होईल का? मी दुसऱ्या शहरात असते.

उत्तर : हे टाइमटेबल मला पण पाठ होणार नाही. त्यामुळे आधी टाइमटेबल कमी करा, डबा नंतर. २००१ मध्ये अशा अभ्यासांचा एक आढावा निघाला होता ज्यात बाटलीच्या झाकणातच इलेक्ट्रॉनिक नोंद व्हायची, म्हणजे पेशंट काय सांगतो ह्यावर अवलंबून राहायचं नाही, आणि त्यात दिवसातून एकदा घ्यायचं औषध सरासरी ७९ टक्के वेळा घेतलं गेलं, चार वेळा घ्यायचं असेल तर ५१ टक्के. बरं हे सगळ्या वयांचं, नुसतं ८१ वर्षांच्या आयांचं नाही.

सगळ्या स्ट्रिप, सिरप, डोळ्यांचे ड्रॉप, न सांगता चालू असलेली काढे-चूर्णं, सगळं एका पिशवीत भरून तिन्हीपैकी एका डॉक्टरांकडे न्या, आणि स्पष्ट म्हणा, ह्यातलं काय बंद करता येईल, काय एकत्र करता येईल, काय दिवसातून एकदाच घेता येईल. तिघांना एकमेकांचं माहीत नसतं त्यामुळे कधी कधी एकच औषध दोन ब्रँडच्या नावाने चालू असतं, ते मी स्वतः पकडलेलं आहे. विसरायला होणं किती दिवसांत वाढलंय तेही सांगा, कारण झोपेच्या काही गोळ्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या प्रकारातल्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर झापड आणतात, म्हणजे गोळी विसरायचं कारण दुसरी गोळीच असू शकतं. आठवड्यातून एकदाची गोळी कसली आहे ते लिहिलं नाहीत. हाडांची असेल तर उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सांध्यांसाठीची मेथोट्रेक्सेट असेल तर ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, ती आईच्या हाताशी ठेवूच नका, ठरलेल्या दिवशी कुणीतरी हातात द्या.

आता डबा. फायदा होतो, पण एकटा डबा फारसं काही करत नाही, त्याच्या मागे माणूस लागतो. अमेरिकेत वॉल्टर रीड ह्या लष्करी हॉस्पिटलमध्ये ६५ वर्षांवरच्या, किमान चार औषधं चालू असलेल्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. त्यात फार्मसिस्टने प्रत्येकाला औषधं समजावून सांगितली, वेळेनुसार गोळ्या पॅक करून दिल्या, नियमित भेटत राहिले. आधी ६१ टक्के गोळ्या घेतल्या जात होत्या, सहा महिन्यांत ९७ टक्क्यांच्या आसपास गेल्या. पण मग निम्म्या लोकांची ही मदत काढून घेतली तर सहा महिन्यांत ते ६९ वर परत आले आणि ज्यांची चालू ठेवली ते ९५ च्या वरच राहिले. तेव्हा आईला एकदा नीट घडी बसवून दिली की झालं असं होणार नाही, दर आठवड्याला डबा भरणारं कुणीतरी जवळचं लागेल, शेजारी, नातेवाईक, मदतनीस बाई, कुणीही पण ठरलेलं. डब्याचा मोठा फायदा म्हणजे खण रिकामा दिसला की घेतली, दुसऱ्यांदा घेतली जात नाही. उरलेला साठा कपाटात कुलपात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी मात्र डब्यात टाकू नका, ती तिच्या मूळ बाटलीतच राहू दे.

विसरणं अजून वाढलं, म्हणजे वार कळेना, खण भलताच उघडला जायला लागला, तर डब्याच्या पलीकडे गेलं असं समजा आणि प्रत्येक डोस कुणीतरी हातात द्यायची सोय करा. त्यावरून आईला रागावू नका, रागावलेलं लक्षात राहतं आणि गोळी राहत नाही.

प्रश्न : वडिलांची तीच गोळी दुसऱ्या कंपनीची मिळाली, आधी गुलाबी गोल होती आता पांढरी लांबट. ते म्हणतात ही माझी गोळी नाही, घेतच नाहीत.

उत्तर : हट्टीपणा नाहीये हा. बऱ्याच ज्येष्ठांना नाव वाचता येत नाही इतकं बारीक छापलेलं असतं, ते रंगाआकारावरूनच ओळखतात, आणि अनोळखी गोळी न घेणं हे तसं शहाणपणाचंच. हार्ट अटॅकनंतरच्या पेशंटवर २०१४ मध्ये आलेल्या अमेरिकन अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर औषध थांबवायची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी जास्त दिसली होती. जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवून आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचून दाखवा, नवीन स्ट्रिपवर जाड मार्करने "बीपी, सकाळी" असं लिहा, आणि दुकानदाराला सांगून ठेवा की शक्यतो कंपनी बदलू नका, बदललीत तर आधी सांगा. स्ट्रिप कापून देतात तेव्हा नाव आणि एक्स्पायरी कापलेल्या तुकड्यावर जाते, तेही बघून घ्या.

प्रश्न : माझं वय ६९. बीपी गेलं वर्षभर १३०/८० च्या आतच आहे. मग गोळी कशाला? एकदा सुरू केली की सवय लागते म्हणतात. थोडे दिवस बंद करून बघू का?

उत्तर : काका, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं झालं, बहुतेक लोक न विचारताच बंद करतात. बीपी नॉर्मल दिसतंय ते गोळी चालू असताना. गोळी आजार मिटवत नाही, दाबून धरते, आणि वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतही नाही त्यामुळे बंद केल्यावर काही दिवस "बघा काही झालं नाही" असंच वाटेल. सवय लागते म्हणजे नशेसारखी लागते असं काही नाही. पण काही गोळ्या अचानक सोडल्या तर उलटतात, बीटा ब्लॉकर नावाचा जो गट आहे त्यात नाडी आणि बीपी उसळी मारतं, हार्टचा त्रास असेल त्याच्या छातीत दुखायला लागू शकतं. रक्त पातळ करायच्या, फिटच्या, पार्किन्सनच्या गोळ्या आणि बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड, हेही मनाने कधी सोडायचे नाहीत.

तरी तुमची शंका बरोबरच आहे. वजन बरंच उतरलं असेल, मीठ कमी केलं असेल, उभं राहताना चक्कर येत असेल तर डोस कमी होऊ शकतो आणि काहींचा होतोही. पंधरा दिवसांचं घरचं बीपी वहीत लिहा, ती वही घेऊन जा आणि "कमी करता येईल का" असं सरळ विचारा. डॉक्टर चिडतील ह्या भीतीने लोक बोलत नाहीत, आणि अपॉइंटमेंटच्या आधी आठवडाभर नीट गोळ्या घेऊन जातात, त्यामुळे डॉक्टरांना वर्षभराचं खरं चित्र दिसतच नाही.

प्रश्न : आई जाऊन आठ महिने झाले. बाबांच्या गोळ्या आधी तीच द्यायची. आता ते म्हणतात "घेऊन काय करायचंय". समजावून थकलो.

उत्तर : दोन गोष्टी झाल्यात. एक तर रोज गोळी हातात देणारं माणूस गेलं, ते काम आता घरात कुणाचंच नाहीये, ते कुणीतरी उचलावं लागेल. दुसरं ते वाक्य. दुःख असणारच, पण आठ महिन्यांनीही जेवण, झोप, बोलणं कमीच असेल तर डिप्रेशन आहे का हे डॉक्टरांना बघू द्या. रॉबिन डिमॅटिओ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा डिप्रेशन असलेल्या पेशंटमध्ये औषधोपचार न पाळायची शक्यता साधारण तिप्पट दिसली होती. अशा वेळी बीपीचे तोटे समजावून काही होत नाही, ज्याला जगायचा कंटाळा आलाय त्याला स्ट्रोकची भीती काय घालणार. डिप्रेशनवर उपचार आहेत, ह्या वयातही लागू पडतात. मरणाबद्दल, संपवण्याबद्दल बोलत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या आणि घरातला गोळ्यांचा साठा स्वतःकडे घ्या.

प्रश्न : मी ७७ वर्षांची. मुलगी रोज दोनदा फोन करून "गोळी घेतली का" एवढंच विचारते. मी घेते हो! कधी तरी राहते. पण आता फोन वाजला की चीड येते आणि खोटंच सांगते "घेतली" म्हणून.

उत्तर : मावशी, बरेच जण खोटं सांगतात, तुम्ही कबूल केलंत एवढंच. मुलीला हा अंक दाखवा हवं तर. तिला सांगा रविवारी एकदाच व्हिडिओ कॉल कर, मी तुझ्यासमोर डबा भरते, मागच्या आठवड्यात काय उरलं तेही दाखवते, आणि बाकी दिवस गोळीचं नाव काढायचं नाही. गोळी घड्याळापेक्षा रोज न चुकणाऱ्या कामाला जोडा, सकाळी दात घासायचा ब्रश जिथे असतो तिथेच डबा ठेवा (बाथरूमच्या आत नको, दमट हवेने गोळ्या खराब होतात). "कधी तरी राहते" तेव्हाचं सांगायचं तर साधारण नियम असा, लवकर आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर मात्र ह्या नियमावर जाऊ नका, तुमच्या औषधाचं डोस चुकला तर काय करायचं ते डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या आणि डब्याच्या झाकणावर चिकटवा.