एएमएक्स-१३ विकत घेण्यापूर्वी : वाचकांची प्रश्नोत्तरे

युरोपात संग्राहकांसाठी विक्रीस निघणाऱ्या एएमएक्स-१३ या फ्रेंच हलक्या रणगाड्याविषयी वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या मेव्हण्याला असा एक रणगाडा विकाऊ असल्याचे कळले. त्यावर दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पँथर रणगाड्याची तोफ आहे, असे विक्रेता सांगतो. हे खरे आहे काय?

उत्तर : हे अर्धेच खरे आहे. मूळ आवृत्तीवरील ७५ मिलिमीटरची तोफ फ्रान्समध्ये घडवलेली आहे. मात्र तिची आखणी पँथरच्या लांब नळीच्या तोफेवरून केली गेली. रणगाड्याच्या आराखड्याचे काम १९४६ मध्ये पॅरिसजवळच्या इसी-ले-मुलिनो येथील कारखान्यात सुरू झाले आणि १९५२ पासून रोआन येथे उत्पादन होऊ लागले. त्यामुळे कोणी हे वाहन महायुद्धात लढलेले म्हणून विकत असेल, तर बोलणी तेथेच थांबवावीत. पुढे ९० आणि १०५ मिलिमीटर तोफांच्या आवृत्त्याही निघाल्या, तेव्हा आपल्यासमोरची आवृत्ती कोणती हे आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : मी जुन्या जीपगाड्या दुरुस्त केल्या आहेत, रणगाडा कधीच नाही. पाहणीस गेल्यावर सर्वप्रथम काय पाहावे?

उत्तर : सर्वप्रथम तोफ बसवलेला फिरता बुरूज पाहावा, कारण या रणगाड्याचे वेगळेपण तेथेच आहे. इतर बहुतेक रणगाड्यांत बुरूज गोल फिरतो, पण झुलत नाही; तोफ तेवढी वर-खाली होते. येथे बुरुजाचेच दोन भाग आहेत : खालचा भाग गोल फिरतो, तर तोफ घट्ट बसवलेला वरचा भाग तोफेसह वर-खाली झुलतो. तोफेची मागची बाजू आणि गोळ्यांची साठवण अशा रीतीने नेहमी एका रेषेत राहिल्यामुळेच प्रत्येकी सहा गोळ्यांच्या दोन फिरत्या पिंपांतून तोफ आपोआप भरणे शक्य झाले. हे बारा गोळे संपले की सैनिकांना बाहेर येऊन पिंपे पुन्हा भरावी लागत. ही उणीव होतीच, पण एवढ्या लहान वाहनात इतकी मोठी तोफ तीन माणसांच्या बळावर चालवणे ही मला आजही थक्क करणारी कारागिरी वाटते.

तेव्हा ही पिंपे जागेवर आहेत का, हे आत उतरून स्वतः पाहावे. विक्रीपूर्वी तोफ निकामी करताना ती काढून टाकलेली असू शकतात आणि पिंपांविना उरलेला बुरूज माझ्या लेखी केवळ कवच होय. दोन भागांमधील फट झाकणारे आवरण फाटलेले असल्यास पावसाचे पाणी आत झिरपून गंज धरतो, म्हणून बुरूज हाताने पूर्ण एक फेरी फिरवून पाहावा आणि तो कुठे अडखळतो याकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर इंजिन. ते चालकाच्या उजव्या हाताला, पुढच्या भागात असते. मूळ इंजिन आठ सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे आणि सुमारे २५० अश्वशक्तीचे होते. पुढे अनेक देशांनी त्याऐवजी डिझेल इंजिने बसवली. डिझेल इंजिन चालवायला सोयीचे असते, पण किंमत ठरवताना त्याला मूळ इंजिनाइतके मोल देऊ नये. शेवटी चाकांभोवती फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कड्या, त्यांच्या खिळी आणि चाकांवरचे रबर तपासावे.

प्रश्न : माझी उंची सहा फूट आहे. मला तो चालवता येईल का?

उत्तर : अडचण होईल. हा रणगाडा सुमारे १.७३ मीटरपर्यंत उंचीचे सैनिक गृहीत धरून आखलेला आहे. व्यवहार करण्यापूर्वी चालकाच्या जागी अर्धा तास बसून पाहावे. ब्रिटनमध्ये पट्ट्यांचे वाहन रस्त्यावर चालवण्यासाठी चालक परवान्यात ‘एच’ वर्ग लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : भारतीय लष्करात वापरलेला रणगाडा म्हणून विक्रेता अधिक किंमत मागत आहे. भारताने हे रणगाडे खरोखरच वापरले होते का?

उत्तर : होय. ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनशी युद्ध चालू असताना, २० लान्सर्स या रेजिमेंटचे एएमएक्स-१३ रणगाडे हवाई दलाच्या एएन-१२ विमानांनी लडाखमधील चुशूलला उतरवले. एवढ्या उंचीवर विमानाने रणगाडे पोहोचवता आले, ते त्यांच्या कमी वजनामुळेच. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूतील छांब भागात याच रेजिमेंटच्या एका स्क्वॉड्रनने (तुकडीने) पाकिस्तानच्या कितीतरी जड पॅटन रणगाड्यांना तोंड दिले. स्क्वॉड्रनचे प्रमुख मेजर भास्कर रॉय यांना महावीर चक्र मिळाले. ४० मिलिमीटरपर्यंतचेच चिलखत घेऊन पॅटनसमोर उभे राहणाऱ्या त्या सैनिकांचे नाव किंमत वाढवण्यासाठी पुराव्याविना वापरले जावे, हे मला पटत नाही. हा रणगाडा स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, इस्रायल, सिंगापूर अशा अनेक देशांनी वापरला आहे. म्हणून वाहनावरील क्रमांकाची नोंद आणि हस्तांतराची कागदपत्रे दाखवल्याशिवाय अधिक रक्कम देऊ नये.

प्रश्न : तो महाराष्ट्रात आणून फार्महाऊसवर ठेवता येईल का?

उत्तर : तोफ निकामी केलेली असली तरी सीमाशुल्काच्या दृष्टीने हे चिलखती युद्धवाहनच ठरते, जुनी मोटार नव्हे, सरकारच्या पूर्वपरवानगीविना ते जहाजावर चढवण्याचा विचारही करू नये. एएमएक्स-१३ जवळून पाहण्याची इच्छा असेल, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे. तेथे तो उघड्यावर ठेवलेला आहे आणि बुरुजाच्या दोन भागांमधली ती फट बाजूला उभे राहून नीट पाहता येते.