चांदीची केस, आतलं यंत्र

प्रश्न : आजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ घरात आहे. आतल्या यंत्रावर लंडनच्या कारागिराचं नाव कोरलंय, पण यंत्राचा क्रमांक एक आणि केसवरचा, म्हणजे बाहेरच्या चांदीच्या कवचावरचा, दुसराच. सराफ म्हणाले, ‘केस बदललेली दिसते, चांदीच्या भावाने देऊन टाका.’ काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : देऊ नका, चांदीच्या वजनावर तर मुळीच नको. केस बदलली म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही. मला ज्याचं सर्वांत अप्रूप वाटतं, त्या क्रोनोमीटरचीच (म्हणजे अतिशय अचूक वेळ राखणाऱ्या घड्याळाची) केस बदललेली आहे. जॉन अर्नोल्ड (१७३६–१७९९) या कारागिराचं ते काम, क्रमांक ४८५/७८६, मूळ केस सोन्याची. पुढे ते ग्रीनिच वेधशाळेतल्या जॉन हेन्री बेलव्हिल यांच्याकडे आलं. १८३६पासून ते वेधशाळेच्या वेळेशी घड्याळ जुळवून घेत आणि लंडनभर फिरून गिऱ्हाइकांना अचूक वेळ देत. सोनं पाहून चोर मागे लागतील, म्हणून त्यांनी केस चांदीची करून घेतली! १८५६मध्ये ते वारले. मग पत्नी मारिया आणि १८९२पासून मुलगी रूथ यांनी हे काम चालवलं. रूथबाई घड्याळाला ‘अर्नोल्ड’ अशीच हाक मारत. रेडिओवर वेळेचे ठोके आले, १९३६मध्ये फोनवर बोलतं घड्याळ आलं, तरी १९४०पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत, त्या अर्नोल्डला घेऊन गिऱ्हाइकांकडे जात होत्या.

तुमच्या केसच्या आतले ठसे भिंगातून पाहा. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध) चांदी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन आणि सुटं अक्षर म्हणजे वर्ष. पण ते वर्ष केसचं, यंत्राचं नव्हे.

आता यंत्र. बॅलन्स चक्रावरची (मागे-पुढे झोके घेणाऱ्या चाकावरची) बारीक स्प्रिंग चपटी आहे, की बॉलपेनातल्यासारखी उभी वेटोळी? उभ्या स्प्रिंगचं पेटंट अर्नोल्डनेच १७७५मध्ये घेतलं होतं. ती उभी असेल, तर क्रोनोमीटर असण्याची आशा धरा. क्रोनोमीटरच्या चक्राला एकाआड एक झोक्यालाच धक्का मिळतो, त्यामुळे सेकंदकाटा ठळक उड्या घेत चालतो. हे पाहण्यासाठी मात्र आत्ता चावी देऊ नका. वाळलेल्या तेलात चालवलं, तर आतले खुंट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, झिजतात. आधी जुन्या घड्याळांचा जाणकार शोधून साफ करून घ्या. पुढे चावी देताना घड्याळ घट्ट धरून फक्त चावी फिरवा.

आणि केस पॉलिश करू नका, ठसे पुसले जातील. आधी यंत्राचा स्वच्छ फोटो पाठवा.