वाचाघातानंतर गोष्ट सांगण्यासाठी चौकटींचा कागद उपयोगी पडतो का?

वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणे-समजणे बिघडलेल्या, तुमच्या वडिलांना चित्रकार्डावरची छत्री किंवा घड्याळ पाहून नाव सांगता येते, पण सकाळी घरात काय घडले हे सांगताना ते दोन शब्दांवर अडतात, आणि उपचारतज्ज्ञांनी दिलेला, गोष्टीचे टप्पे मांडलेला चौकटींचा कागद तुम्हाला बालवाडीतला वाटतो, असे तुम्ही लिहिले आहे. मी गोव्यात वाचा-उपचाराचे काम करते. हा कागद वापरावा असेच मी सांगेन, मात्र त्यात काय भरायचे ते वडिलांनी ठरवावे.

वस्तूचे नाव सांगणे आणि घडलेली गोष्ट सांगणे ही वेगवेगळी कामे आहेत. गोष्ट सांगताना क्रम सांभाळणे, शब्द शोधणे आणि वाक्य जुळवणे हे सारे एकाच वेळी करावे लागते. ‘कोण, कुठे, काय अडले, मग काय केले, शेवटी काय झाले’ या चौकटी क्रमाचा भार उचलतात आणि माणसाला शब्दांकडे लक्ष देता येते. ब्रोका प्रकारच्या वाचाघातात, जिथे समज बरीचशी शाबूत असून बोलणे तुटक होते, तिथे त्यांचा आधार विशेष जाणवतो. वेर्निके प्रकारात बोलणे ओघवते पण भरकटणारे असते. तिथे चौकट विषयाला धरून ठेवते, परंतु समजच फार उणी असेल तर आधी समजण्यावर काम करावे लागते.

गोष्ट त्यांच्या आयुष्यातली असावी. चवथीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान आणायला म्हापशाच्या बाजारात गेल्यावर काय फजिती झाली, हे सांगायला मोठ्या माणसाला कमीपणा वाटत नाही. ससा-कासवाची चित्रे पुढे केली तर वाटतो, आणि तो रास्तच आहे. मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झालेल्या काहींना दोन्ही डोळ्यांनी उजव्या बाजूचे दिसत नाही, म्हणून चौकटी आडव्या न मांडता वरून खाली मांडाव्यात. आपल्याकडे अनेक घरांत बोलणे कोकणीत आणि वाचन मराठीत असते. जो शब्द ज्या भाषेत आला तो तसाच लिहावा, सुधारू नये. उत्तरासाठी घाई करू नये आणि वाक्य आपण पुरे करू नये.

गोष्ट जमू लागली की आधी चौकटींतली चित्रे काढून टाकावीत, मग शब्द, आणि शेवटी रिकाम्या चौकटीही. सरावातली गोष्ट सुधारली तरी तो फायदा नव्या गोष्टीत आपोआप उतरेलच असे नाही; म्हणून अधूनमधून कागदाशिवाय नवा प्रसंग विचारावा आणि ते कुठे अडतात हे तुमच्या तज्ज्ञांना कळवावे, म्हणजे पुढच्या सरावात त्याच चौकटीवर भर देता येईल.