सगळे घर घेतायत, मीच मागे पडतेय का?

पंचविशी ओलांडलेली, नोकरीत जरा स्थिरावलेली मुलंमुली हल्ली एक ठरलेली काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, मॅडम बरोबरचे सगळे घर घेतायत, आत्ता नाही घेतलं तर पुढे कधी जमेल का. प्रश्न पैशांचा, मग तो सीएकडे न नेता माझ्याकडे का आणलास असं विचारलं की खरं बोलणं सुरू होतं. त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते, तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वय 27. झोप उडालेली, जेवण नीट नाही. फ्लॅट बघून झालेला, एजंट म्हणाला होता रविवारपर्यंत टोकन द्या नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे, आणि बाबा म्हणाले होते डाउन पेमेंटची काळजी करू नकोस, माझ्या रिटायरमेंटचे पैसे आहेत की. तिने मोबाईलवर एक्सेल शीट उघडून दाखवली, भाडं विरुद्ध घर, रंगीत कॉलम, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी मार्क. शेवटचा कॉलम होता ‘मनःशांती’ आणि तिथे घराला 9 मार्क. मी सहज विचारलं, हे पहिल्यापासून 9 आहेत का गं? थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली काल रात्रीपर्यंत 6 होते, पण मग टोटलमध्ये घर हरत होतं.

आता मी काही फायनान्सवाली नाही, कुठलं कर्ज घे आणि कुठलं नको हे माझं काम नाही. पण ‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं की शेवटी कागद घेऊन बसलो. 20 वर्षांचं कर्ज, व्याज 9 टक्के, दर तोच राहिला असं धरलं, तर 100 घेतल्यावर शेवटपर्यंत साधारण 216 भरावे लागतात. पण तिचं तोंड उतरलं ते पुढच्या आकड्याने. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तर खिशातून गेलेले असतात 54 आणि मुद्दल कमी झालेलं असतं फक्त 11, कारण सुरुवातीच्या हप्त्यात बहुतेक सगळं व्याजच असतं, पहिल्या हप्त्याचे सहा भाग केले तर त्यातले पाच व्याजाचे. व्याज म्हणजे तरी काय, बँकेच्या पैशाचं भाडंच. म्हणून घर घेणं वाईट असं अजिबात नाही, घराची किंमत वाढू शकते, कुणी खाली करा म्हणत नाही हे सुख तर आहेच, पण ते हिशोबात बसायला तिथे बरीच वर्षं राहावं लागतं, नाहीतर खरेदी-विक्रीचा खर्चच बराचसा फायदा खाऊन टाकतो. आणि ही बाई मला मघाशीच सांगून गेली होती की दुसऱ्या शहरातल्या नोकरीसाठी अर्ज केलाय!

मग मी विचारलं, समज रविवारी टोकन दिलंस, सोमवारी सकाळी उठल्यावर पहिलं काय वाटेल? लगेच म्हणाली, ‘सुटले.’ घर झालं नाही, छान वाटेल नाही, सुटले. म्हणजे घर हवंय की नाही ते राहिलं बाजूलाच, तिला तो निर्णय डोक्यावरून उतरवायचा होता, आणि सही केली की तो उतरतो, बदल्यात 20 वर्षांचे हप्ते चढतात. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच असतं, काही जण याच घाईत गाडी घेतात, काही जण मित्राच्या सांगण्यावरून आख्खी बचत शेअरमध्ये टाकतात.

त्यात रविवारची मुदत. कानेमन आणि ट्व्हर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलं होतं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा नुकसानीचं दुःख जास्त बोचतं. ‘दुसरी पार्टी तयार आहे’ म्हटलं की अजून आपला न झालेला फ्लॅटसुद्धा हातातून चालल्यासारखा वाटायला लागतो. एजंटने हे वाचलेलं नसतं, पण त्याला पक्कं माहीत असतं.

आम्ही ठरवलं की आधी हप्ता जगून बघायचा. होणारा ईएमआय वजा आत्ताचं भाडं, उरेल ती रक्कम पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची आणि सहा महिने हात लावायचा नाही. फ्लॅट गेला, तिला वाईट वाटलं, रडलीसुद्धा. दोन महिने जमलं, तिसऱ्या महिन्यात दाताचं मोठं काम निघालं आणि त्याच खात्यातून पैसे काढावे लागले, कारण अडीअडचणीसाठी वेगळं काहीच नव्हतं. ईएमआय खरा असता तर? हे तिचं तिनेच विचारलं, मला बोलावं लागलं नाही. त्यानंतर आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला काढायला लागली, घराचा विषय सोडलेला नाही, नोकरीचं काय होतं ते बघून परत काढणार आहे.

बाबांशी बोलणं मात्र या सगळ्यापेक्षा अवघड गेलं. नाही म्हटलं तर त्यांना लागेल म्हणून ती टाळत होती. शेवटी विचारलं, बाबा हे पैसे मला दिले तर तुमचं कसं चालेल? तर ते म्हणाले, ते बघू नंतर. म्हणजे त्यांनीही हिशोब केलेलाच नव्हता. लहानपणी त्यांनी इतकी भाड्याची घरं बदलली होती की मुलीवर ती वेळ येऊ नये एवढंच डोक्यात होतं. ते पैसे आता त्यांच्याच नावावर आहेत. आईवडिलांचे पैसे घ्यायचेच असतील तर निदान ते दिलेत की उसने आहेत, उसने असतील तर कधी आणि कसे फेडायचे, आणि भावंडांना हे माहितीय का, एवढं टोकनच्या आधी घरात तोंड उघडून बोला, आणि जमलं तर लिहूनही ठेवा.