जुन्या पीसीचं गेमचं मशीन: खर्च डब्यावर नको, पॅनलवर करा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकला इंदिरानगरात घरी एक कोअर टू ड्युओ पीसी धूळ खात पडलाय, ४ जीबी रॅम आहे, ३२० जीबीची हार्ड डिस्क आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांसाठी त्याचं जुन्या व्हिडिओ गेम पार्लरसारखं मशीन करायचंय. आणि मित्र सांगतोय, हा डबा भंगारात घाल, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर घे.

मित्राचं ऐकू नका. पैसे घालायचेच तर पॅनलमध्ये, म्हणजे स्टिक आणि बटणं बसवायच्या फळीत घाला. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये जो झेड-८० प्रोसेसर होता तो ३ मेगाहर्ट्‌झवर चालायचा, १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूच्या बोर्डावरचा मोटोरोला ६८००० हा १० मेगाहर्ट्‌झवर. एका चिपची नक्कल दुसऱ्या चिपवर करायला भरपूर ताकद लागते हे खरं, पण तुमच्याकडे दोन गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे दोन कोअर आहेत. ज्या गेमसाठी आपण शाळा सुटल्यावर पार्लरच्या दारात ताटकळायचो, ते सगळे यावर आरामात चालतील. पहिल्या प्लेस्टेशनचेही बहुतेक चालतील. त्यापुढची हाव धरू नका.

आधी डबा उघडा. ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर मात्र पुढे पैसे घालू नका, दुसरा डबा शोधा.

सॉफ्टवेअरसाठी विंडोजच्या नादी लागू नका. बॅटोसेरा नावाची लिनक्सवरची मोफत सिस्टिम आहे. तिची जुन्या ६४-बिट पीसीसाठीची इमेज (पूर्ण सिस्टिमची एकच फाइल) उतरवा, बॅलेना एचर या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरूनच पीसी सुरू करा. हार्ड डिस्कला हात लागत नाही, त्यामुळे आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढला की विषय संपला. आवडलं तर मेन्यूतूनच हार्ड डिस्कवर टाकता येतं, पण तेव्हा डिस्क पूर्ण पुसली जाते. लग्नाचे, बारशाचे फोटो त्यात असतील तर आधी बाहेर काढा. हे सांगतोय कारण आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला होता.

गेम चालत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या बहुतेक केसेसमध्ये पीसीचा दोष नसतो. आर्केडची, म्हणजे पार्लरच्या मशीनची रॉम फाइल (गेमच्या मूळ चिपमधल्या डेटाची प्रत) एमुलेटरच्या, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. मेम हा एमुलेटर १९९७ पासून सुधारत आलाय, आणि मूळ चिपमधला डेटा जसजसा नीट वाचला गेला तसतसे फाइलींचे संच बदलत गेले. बॅटोसेरात 'मेम २००३-प्लस' म्हणून जो हलका कोअर (इथे कोअर म्हणजे आत बसवलेला एमुलेटर) आहे त्याला मेमच्या ०.७८ आवृत्तीवर बेतलेला त्याचा स्वतःचा संच लागतो. त्याला आजच्या मेमची फाइल दिली तर काळा पडदा येतो किंवा गेम उघडून लगेच बंद होतो. तुमच्या मशीनवर मेम २००३-प्लस आणि एफबीनिओ हे दोनच एमुलेटर वापरा, ज्याचा संच त्यालाच द्या. निओ जिओ या आर्केड मशीनचे गेम असतील तर neogeo.zip ही त्या मशीनच्या बायोसची (सुरू होतानाच्या प्रोग्रॅमची) फाइल वेगळी लागते. ती नसेल तर मेटल स्लग कधीच उघडणार नाही.

रॉम कुठून आणायच्या हे इथे सांगणार नाही, त्यातल्या बहुतेकांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत. ग्रिडली, रॉबी रोटो, स्टार फायर असे काही गेम हक्कदारांनी बिगरव्यावसायिक वापरासाठी मोकळे केलेत, ते मेमच्या अधिकृत साइटवर मिळतात. पॅनल तपासायला तेवढे पुरतात. कॅपकॉमचे जुने गेम पीसीसाठी विकतही मिळतात. फक्त 'मुस्तफा' त्यात शोधू नका. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ चा गेम. तो एका कॉमिक्सवर बेतलेला, म्हणजे हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत. बहुधा त्यामुळेच कॅपकॉमच्या २०१८ च्या मारामारीच्या सात गेमांच्या संचात तो नाही. आपल्या अख्ख्या पिढीने गेमला पात्राच्या नावाने हाक मारली आणि खरं नाव पाटीवर असूनही कोणी वाचलं नाही, याची मला अजून गंमत वाटते.

आता पॅनल. सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी इथेच आहे. माझं पहिलं पॅनल सिडकोतल्या सुताराकडून करून घेतलं. त्याने मजबूत व्हावं म्हणून कौतुकाने १९ एमएमचा प्लाय वापरला. स्टिक खालून बसवली तर वर नुसता बोटभर खुंट उरला, तो मुठीत येईना. आणि मी मागवलेली बटणं होती दाबून बसवायची. त्यांच्या बाजूच्या दोन जिभा तीन-चार एमएमच्या पत्र्याला पकडतात; जाड लाकडात त्या आतच दबून राहतात आणि जोरात खेळलं की बटण वर उसळून येतं. पुतण्याने मुस्तफात उडी मारली आणि लाल बटण थेट चिवड्याच्या ताटलीत.

म्हणून ११ किंवा १२ एमएमचा प्लाय घ्या, आणि मागून नट आवळायची लांब आट्यांची बटणं घ्या. त्यांना २८ एमएमचं भोक लागतं, दाबायच्या बटणांना ३०. बटणं हातात आल्यावर मोजा, मगच होल सॉ (भोक पाडायची गोल करवत) लावा. स्टिकच्या जागी प्लाय खालच्या बाजूने खरवडून पाच-सहा एमएमवर आणा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) स्वस्त पडतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या कापलेल्या कडा बिस्किटासारख्या फुगतात.

वायरिंगला घाबरू नका. झिरो डिले म्हणून यूएसबीचा छोटा बोर्ड मिळतो, प्रत्येक खेळाडूला एक. प्रत्येक बटणाच्या दोन वायरी, स्टिकची पाच पिनांची एक पट्टी, सोल्डरिंग नाही. दोघांचा पूर्ण किट मला अडीच-तीन हजारांत पडला. मागवताना वायरीच्या टोकाची क्लिप बघा: २.८ एमएमची क्लिप ४.८ एमएमच्या पिनांच्या मायक्रोस्विचवर (बटणाखालच्या छोट्या स्विचवर) चढत नाही.

स्टिकबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. मुस्तफाला, स्ट्रीट फायटरला आठ दिशा लागतात, पॅक-मॅनला चारच. आठ दिशांच्या स्टिकवर पॅक-मॅन खेळलात की वळणावर दांडा नकळत तिरका जातो, दोन स्विच एकदम दाबले जातात आणि गडी कोपऱ्यात अडतो. मुलांना वाटतं आपल्याला जमत नाही. सान्वा या जपानी कंपनीच्या पद्धतीच्या स्टिकखाली चौकोनी प्लेट असते. ती काढून फिरवून बसवली की दांडा चारच दिशांना जातो. तुमच्या धाकट्यासाठी सुरुवातीला तसंच ठेवा.

मॉनिटर जुना, १७ इंची, चौकोनी घ्या. एम. जी. रोडला किंवा ऑफिसच्या भंगारात हजाराच्या आत मिळतो. हे गेम ४:३ च्या पडद्यासाठी केलेले, रुंद टीव्हीवर ताणले की सगळे पैलवान जाडे दिसतात. टीव्हीच वापरणार असाल तर त्यात गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर ठोसा सावकाश येतो.

दोन बारीक गोष्टी. कीबोर्ड काढल्यावर जुने पीसी 'कीबोर्ड नाही' म्हणून सुरू होतानाच थांबतात. पीसीच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'हॉल्ट ऑन'ला कीबोर्ड वगळा. आणि प्लग ओढून मशीन बंद करू नका, डेटा खराब होतो. एक जादा बटण मदरबोर्डच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना जोडा. बॅटोसेरा ते दाबल्यावर नीट बंद होतं. माझ्या मशीनला ते बटण बाजूला, कॉइन टाकायच्या जागी आहे. पूर्वी तिथे गॅसचा लायटर टकटक करून फुकट क्रेडिट मिळवणारे महाभाग असायचे, त्यांच्या स्मरणार्थ.

प्लाय कापण्याआधी पुठ्ठ्यावर भोकं आखा आणि दोन्ही मुलांचे हात त्यावर ठेवून बघा. नेटवरचे आराखडे मोठ्या माणसाच्या पंजाचे असतात, आठ वर्षांच्या मुलाचं बोट तिसऱ्या बटणापर्यंत पोचत नाही. २८ चा होल सॉ माझ्याकडे आहे, विकत घेऊ नका. मेसेज करून रविवारी सिडकोत येऊन घेऊन जा, येताना तो पुठ्ठाही आणा.