सराव आणि सुचलेल्या चाली साठवणे या दोन्हींसाठी गिटारचे कोणते लूपर पेडल घ्यावे?

आपण लिहिले आहे की आपण दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार शिकत आहात, नागपुरात फ्लॅटमध्ये राहता, घरी २० वॉटचा अॅम्प (ध्वनिवर्धक) आणि आवाज खरखरीत करणारे एक ओव्हरड्राइव्ह पेडल आहे. आता एकट्याने सराव करण्यासाठी आणि सुचलेल्या चाली जपून ठेवण्यासाठी टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो, बॉसचा आरसी-१ किंवा आरसी-५ यांपैकी एक लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा पायाच्या दाबाने ध्वनिमुद्रित करून तोच पुन्हा पुन्हा वाजवणारे पेडल, घ्यायचा आहे. मीही नागपूरकरच आहे आणि बरीच वर्षे घरी लूपर वापरतो आहे. माझे मत आधीच सांगतो. आपल्याला ही दोन्ही कामे मनापासून करायची असतील आणि घरी गिटारचा आवाज संगणकात उतरवणारा ऑडिओ इंटरफेस नसेल, तर आरसी-५ घ्यावा. इंटरफेस असेल, तर आरसी-१ पुरेसा आहे आणि उरलेले पैसे चांगल्या अॅडॉप्टरवर खर्च करावेत.

लूपर म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावताना मी लेहऱ्याचे उदाहरण देतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच आवर्तन अखंड वाजत राहते आणि त्याच्या आधाराने तबलजी आपला विस्तार करून समेवर येतो. लूपर आपल्याला आपलाच लेहरा आपल्याच गिटारवर धरून देतो. एकदा हे लक्षात आले की जाहिरातींतील अर्ध्याअधिक गोष्टी आपोआप दुय्यम ठरतात, कारण लेहरेकऱ्याकडून आपण दोनच अपेक्षा करतो, त्याने लय सोडू नये आणि समेची जागा स्वच्छ दाखवावी.

सर्वांत आधी लोक ध्वनिमुद्रणाची मुदत विचारतात, म्हणून ती बाब लवकर संपवतो. डिट्टोमध्ये ५ मिनिटे मिळतात, आरसी-१ मध्ये १२ मिनिटे, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या ७२० या लूपरमध्ये नावाप्रमाणे ७२० सेकंद, म्हणजे तीही १२ मिनिटेच. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत चार बारचे (एक बार म्हणजे चार मात्रा) आवर्तन ९.६ सेकंदांत संपते आणि १२ बारच्या ब्लूजचे एक आवर्तन मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत ३६ सेकंदांत. सरावासाठी यांपैकी कोणत्याही पेडलची मुदत कमी पडत नाही. ती कमी पडते स्वस्त मल्टि-इफेक्ट्समधील, म्हणजे अनेक पेडलांचे काम एकत्र करणाऱ्या यंत्रांतील, अंगभूत लूपरमध्ये. बॉसच्या जीटी-१ मध्ये ३२ सेकंद आणि झूमच्या जी-१ फोरमध्ये ३० सेकंद मिळतात, म्हणजे वर सांगितलेली ब्लूज त्या लयीत दोन्हींत मावत नाही. तरीही असे यंत्र मित्राकडे पडून असेल, तर महिनाभर मागून आणावे आणि आपण लूपर खरोखर रोज वापरतो का हे पाहून मगच पैसे खर्च करावेत.

आता पायाविषयी सविस्तर लिहितो, कारण नवीन माणसाची निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मिनिटाला १०० मात्रा म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची. आवर्तन बंद करताना पाय ०.१ सेकंद उशिरा पडला, तर एका मात्रेचा सहावा भाग प्रत्येक फेरीत जास्तीचा राहतो आणि दर वेळी त्याच ठिकाणी ठेच लागते. यंत्र आपली चूक सुधारत नाही, ते ती इमानाने पुन्हा पुन्हा ऐकवते. उशीर होण्याचे कारणही ठरलेले असते. आपण शेवटचा कॉर्ड संपण्याची वाट पाहतो, हात थांबतो आणि मग पाय खाली जातो. तसे न करता आवर्तन संपल्यावरही हात थांबू देऊ नये आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर हात व पाय एकदमच पडावेत. सुरुवातही शांततेतून करू नये. आधी एक पूर्ण आवर्तन नुसते वाजवावे, लय अंगात बसू द्यावी आणि दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर पेडल दाबावे. एवढा एक बदल केल्यावर माझी लूप आठवड्याभरात सुधारली होती.

पेडलच्या बांधणीचा संबंधही इथेच येतो. आपण घरी अनवाणी वाजवतो आणि बहुधा बसून वाजवतो. डिट्टोचे बटण लहान, गोल आणि धातूचे आहे, तर बॉसच्या पेडलवर पुढची सगळी पट्टी रबराची आणि रुंद असते. अनवाणी पायाने, टाच जमिनीवर टेकवून नुसत्या चवड्याने दाबण्यासाठी मला ही रुंद पट्टी निःसंशय सोयीची वाटते. गुळगुळीत फरशीवर कोणतेही पेडल सरकते, म्हणून त्याच्याखाली सतरंजीचा किंवा रबरी मॅटचा तुकडा ठेवावा. आरसी-१ वर २४ दिव्यांचे एक वर्तुळ आहे आणि आवर्तन कुठवर आले आहे हे त्यावर दिसते. समेची जागा कानाने ओळखता येत नाही तोपर्यंत या वर्तुळाची फार मदत होते.

एका बटणाच्या लूपरची एक अडचण मात्र आधीच माहीत असावी. लूप थांबवण्यासाठी बटण दोनदा झटकन दाबावे लागते आणि वाजणाऱ्या लूपमध्ये पहिल्या दाबासरशी वरचा थर भरणे सुरू होते, त्यामुळे अगदी समेवर थांबणे अवघड जाते. आरसी-१ आणि आरसी-५ या दोघांनाही थांबवण्यासाठी वेगळा फूटस्विच जोडता येतो, डिट्टोच्या मूळ लहान आवृत्तीला तो जोडता येत नाही. ७२० वर मुळातच दोन बटणे आहेत. आपण केवळ घरी सराव करणार असाल, तर यामुळे अडत नाही, पण पुढे कुणासमोर वाजवायचा विचार असेल, तर हा मुद्दा धरून चालावे.

सुचलेली चाल जपून ठेवणे हे सरावाहून अगदी वेगळे काम आहे आणि आपल्या प्रश्नाचा निकाल माझ्या मते यावरच लागतो. माझ्या पहिल्या लूपरमध्ये एका वेळी एकच लूप राहत असे आणि ती बाहेर काढण्याची सोय नव्हती. एका रात्री एक चाल मनासारखी जमली. तिचे चार थर झाले आणि ती पेडलमध्येच आहे या विश्वासाने मी झोपलो. दुसऱ्या दिवशी सरावाला बसलो तेव्हा नको असलेला थर काढायच्या सवयीने पाय दाबून धरला, लूप मात्र त्या वेळी थांबलेली होती आणि क्षणात सगळी पुसली गेली. कॉर्ड आठवत होते, पण त्यावर जी सुरावट बसली होती ती पुन्हा कधीच सापडली नाही. त्याची हळहळ मला आजही वाटते, म्हणून आपल्याला विचारतो की पेडलमध्ये गेलेली चाल आपण बाहेर कशी काढणार आहात? डिट्टोच्या मूळ आवृत्तीला आणि आरसी-१ ला यूएसबी नाही. म्हणजे लूप वाजवून ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागते. ऑडिओ इंटरफेस असेल, तर पेडलचे आउटपुट त्यात देऊन हे काम एका मिनिटात होते. तो नसेल, तर अॅम्पसमोर मोबाइल धरावा लागतो.

आरसी-५ मध्ये एकूण १३ तासांचे ध्वनिमुद्रण आणि ९९ वेगवेगळ्या जागा आहेत. तो यूएसबीने संगणकाला जोडला की लूप डब्ल्यूएव्ही फाइलच्या रूपात काढून घेता येतात, शिवाय त्यात ५७ ताल आहेत. सरावाला ताल सोबत असणे मेट्रोनोमपेक्षा पुष्कळ सुखाचे असते आणि साठवलेल्या लूपची लय पट्टी न बदलता कमी-जास्त करता येते, त्यामुळे अवघड जागा आधी सावकाश घोटता येते. किंमत आरसी-१ पेक्षा बरीच अधिक आहे आणि छोट्या पडद्यावरील मेन्यू शिकायला काही संध्याकाळी जातात. ती किंमत झेपत नसेल, तर नक्सचा लूप कोअर पाहावा. त्यात ६ तास, ९९ जागा, ४० ताल आणि यूएसबी आहे. बांधणी आणि आवाजाचा भरीवपणा यांत मला बॉस उजवा वाटतो, पण कामाच्या दृष्टीने आपल्या दोन्ही गरजा तो भागवतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या सर्व लूपरमध्ये एकच ट्रॅक आहे. एकावर एक भरलेले थर एकमेकांत मिसळून जातात आणि नंतर केवळ खालच्या कॉर्डच्या थराचा आवाज कमी करावा म्हटले तर ते शक्य नसते. दोन स्वतंत्र ट्रॅक हवे असतील, तर बॉसचा आरसी-५०० आहे, पण आपल्या सध्याच्या गरजेसाठी तो जास्तीचा वाटतो. मी एक सवय लावून घेतली आहे. पहिला थर बसला की तो एकटाच साठवतो किंवा मोबाइलवर उतरवतो आणि त्याच ध्वनिमुद्रणात पट्टी, कॅपो (गिटारच्या दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा) कितव्या फ्रेटवर आहे आणि लय किती हे तोंडाने बोलून ठेवतो. दोन महिन्यांनी ती चाल पुन्हा हातात घेताना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा पेडलच्या कोणत्याही सुविधेचा होत नाही.

आपण नागपुरात राहता, म्हणून उन्हाळ्याबद्दलही लिहितो. एप्रिल ते जून कूलर चालू असताना मायक्रोफोनने काही उतरवणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे गिटारचा आवाज तारेतूनच थेट साठवणारे पेडल या महिन्यांत फार मोलाचे ठरते. परंतु कूलरच्या मोटारीजवळ सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज टिपणारे एकाच वेटोळ्याचे चुंबकी यंत्र असलेली) गिटार धरून बसलो, तर गुणगुण पिकअपमधूनच शिरते आणि प्रत्येक नव्या थराबरोबर ती पुन्हा भरली जाते. सहा थर दिले की सहा वेळची गुणगुण एकत्र ऐकू येते. यावर उपाय असा की कूलरपासून शक्य तेवढे दूर बसावे, गिटारचा कोन बदलून पाहावा आणि थर वाजवून झाला की ओव्हरडब, म्हणजे वरचा थर भरणे, ताबडतोब बंद करावे. ते चालू ठेवून नुसते ऐकत बसू नये.

जोडणीत लूपर ओव्हरड्राइव्हच्या पुढे, म्हणजे अॅम्पच्या बाजूला असावा आणि अॅम्प स्वच्छ चॅनलवर ठेवावा. अॅम्पचेच डिस्टॉर्शन वापरले, तर लूपमधील कॉर्ड आणि वर वाजणारी सुरावट एकाच डिस्टॉर्शनमधून जातात आणि दोन्हींचा चिखल होतो. अॅम्पला इफेक्ट्स लूप (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडण्याची जागा) असेल, तर पेडल तिथे जोडून ही अडचण टळते, मात्र लहान अॅम्पना तो सहसा नसतो. वीज ९ व्होल्टची आणि पिनच्या मधला भाग ऋण असलेल्या अॅडॉप्टरचीच द्यावी. कीबोर्डचा अॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावू नये, कारण व्होल्ट किंवा ध्रुव वेगळा असला तर पेडल जाते.

सीताबर्डीला दुकानात पेडल पाहायला जाल तेव्हा स्वतःची गिटार न्यावी, बूट काढून बसून पाहावे आणि दुकानदाराला आधीच सांगावे की एकेका पेडलला अर्धा तास लागेल. एक साधा दोन कॉर्डचा चार बारचा लूप करावा, त्यावर काहीही न वाजवता तो दोन मिनिटे ऐकावा, मग पुसून पुन्हा करावा. असे दहा वेळा केल्यावर ज्या पेडलवर आपल्या लूपला कमी वेळा ठेच लागली, ते आपल्या पायाला मानवणारे आहे असे समजावे. मग तेवढ्यापुरता माझा आरसी-५ चा आग्रह बाजूला ठेवला तरी माझी हरकत नाही.