वडिलांचं पेट्रोल ग्रासकटर दोन वर्षं पडून आहे, दोरी ओढून हात भरून आले तरी चालू होत नाही. मेकॅनिककडे नेण्याआधी घरी काय करून बघावं?

आधी दोरी ओढणं थांबवा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. आमच्या आंबा-काजूच्या बागेत बेणणीला (गवत-झुडपं साफ करायला) बारा वर्षं असंच एक मशीन आहे. पावसाळा काढून बाहेर आलं की ते रुसायचं, आणि कारण बहुतेक वेळा शिळं पेट्रोलच निघायचं.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. शिवाय जुन्या पेट्रोलचा चिकट राप कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) केसाएवढ्या भोकात बसतो तो वेगळाच. नळी कडक झाली किंवा चिरली असेल तर टाकीतल्या छोट्या फिल्टरसकट बदलून टाका.

मग स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारा भाग) काढून बघा. ओला असेल तर आत पेट्रोल जास्त झालंय (चोक, म्हणजे हवा अडवणारी झडप, लावून ओढत राहिलं की हेच होतं). स्विच बंद, चोक उघडा, प्लगची वायर प्लगच्या भोकापासून लांब ठेवून दहा-बारा वेळा दोरी ओढा. प्लग पुसून परत लावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. भोकात ताज्या पेट्रोलचे चार-पाच थेंब टाका, प्लग लावून ओढा. क्षणभर चालून बंद पडलं तरी समाधान माना: स्पार्क आहे, दाब आहे, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय.

नवं पेट्रोल भरण्याआधी इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, ते नक्की करा. होंडा जीएक्स ३५ सारख्या फोर-स्ट्रोकला ऑइलचं झाकण वेगळं असतं. त्यात १०० मिली ऑइल, टाकीत साधं पेट्रोल. टू-स्ट्रोकमध्ये मात्र टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं: २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २०. आमच्या शेजारी गड्याने घाईत साधंच पेट्रोल भरलं आणि पिस्टन जाम झाला. दुरुस्ती मशीनच्या निम्म्या किमतीत गेली, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

चालू झालं पण जोर नसेल, तर सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल. तारेच्या ब्रशने घासा. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

प्लग ओला निघाला की कोरडा, तेवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.